लाल शाईतलं ‘होय म्हाराजा’

कुडाळजवळच्या हायस्कुलात मराठी शिकवणाऱ्या शर्मिला परबबाईंनी बावीस वर्षांत एकदा दिलेला गुण कधी बदलला नव्हता. पालक रडले, ओळखी निघाल्या, आंबे आले. आंबे परत गेले आणि गुण जिथल्या तिथे राहिले.

नववीच्या वार्षिक पेपरांनी मात्र घात केला. चाळीस पेपरांत चाळीस वेळा तोच ‘माझा आवडता ऋतू’ वाचून बाईंचं डोकं उठलं होतं. एकेचाळिसावा पेपर संचिताचा. विनंतीपत्राच्या जागी या बयेने चक्क गाऱ्हाणं घातलं होतं: “बा देवा म्हाराजा, आज सोमवारच्या दिसाक, नववीच्या वर्गात, खिडकीकडच्या बाकार बसान तुझा लेकरू सांगता. माका पत्र येणा नाय. चार गुण कमी पडतले, ते भरून काढ रे म्हाराजा.”

देवळात गाऱ्हाण्याच्या प्रत्येक मागणीला सगळ्यांबरोबर होकाराची साथ जन्मभर दिलेली बाई ती. सवयीने हात चालला आणि समासात लाल शाईत उमटलं, ‘होय म्हाराजा’. मग भानावर येऊन बाईंनी शून्य दिलं. बेरीज चोवीस, पासाला हवेत अठ्ठावीस.

निकालाच्या दिवशी पेपर बघायला संचिताला घेऊन तिची आजी राधाबाई आली आणि समास बघून तिथेच बसली. गाऱ्हाण्याला एकदा होय म्हटलं की ते मागे घेता येत नाही, असं तिचं म्हणणं. हेडमास्तर स्वतः देवळाचे मानकरी, त्यांना घाम फुटला. आता एक तर पोरगी नापास, नाही तर बाईंचा बावीस वर्षांचा हेका मोडीत.

बाई म्हणाल्या, ठीक आहे, विनंतीपत्र समजूनच तपासते. मायना आहे, एक गुण. कारण आहे, एक. मागणी तर आहेच, एक. झाले सत्तावीस.

“पण वार नाही, ठिकाण नाही,” म्हणत बाईंनी पेनाला टोपण लावलं.

संचिता खाली बघत म्हणाली, “आसा, बाई. आज सोमवार, खिडकीकडचो बाक.”

बाईंनी पुन्हा वाचलं. आधी राग आला, मग मात्र मनापासून आनंद झाला. आपण वर्षभर घसा फोडून शिकवलेलं पत्र पोरीला सगळंच्या सगळं येत होतं, फक्त तिला ते ठाऊक नव्हतं. टोपण निघालं. अठ्ठावीस.

“होय म्हाराजा,” हेडमास्तर, राधाबाई आणि दारातला शिपाई एका सुरात म्हणाले.

तेव्हापासून देवळात परबबाई गाऱ्हाणं शेवटपर्यंत ऐकून घेतात, मगच होय म्हणतात.