खालच्या मजल्यावरचं तोरण

शेजारणीचं तोरण कुणी घेऊ नये म्हणून मी ते स्वतःच विकत घेऊन बसले. पन्नाशीत मला एवढी अक्कल होती. आता नातवंडं मला शहाणी समजतात, समजू देत.

माणिकपूरच्या आमच्या इमारतीत क्रोशाचं विणकाम म्हणजे मी. खालच्या मजल्यावरची ती तर सुई धरायलासुद्धा माझ्याकडेच शिकली. घरोघरी कॉम्प्युटर यायला लागले तेव्हाची गोष्ट. तिच्या सुनेने तिचं तोरण इंटरनेटवर लिलावाला लावलं आणि शेजारणीने स्वतः जिन्यात मला फोटो दाखवला. द्राक्षांचे घोस, मधे मोर. "दोरा कुठला गं?" एवढंच विचारून मी वर आले.

दुपारी लेकीच्या कॉम्प्युटरवर तोच फोटो मोठा करून चूक शोधत बसले. मोराचा डोळासुद्धा सरळ. आणि पन्नासावरून निघालेली बोली चारशेवर गेलेली. महिला मंडळाच्या स्टॉलवर माझ्या तोरणाला दोनशे द्यायलाही बायका कुरकुरायच्या. लेकीचं तिथे खातं होतं, आणि बोली लावणाऱ्याचं खरं नाव कुणाला दिसत नसे. म्हटलं, मोठा आकडा टाकावा, बाकीचे पळतील, मग आपण घ्यायचंच नाही. पडू दे तिचं तोरण तिच्याच घरात. टाकले दोन हजार.

नियम वाचतो कोण? ते दोन हजार कुणाला दिसतच नव्हते. समोरच्याने पाचशे म्हटलं की ती साइट माझ्या वतीने थोडं वर जायची, त्याने आठशे म्हटलं की आणखी वर. मी इकडे पोळ्या लाटत होते आणि तिकडे तिच्या तोरणाचा भाव मीच चढवत होते. कुणाला वस्तू हवी आहे आणि कुणाचा नुसता जळफळाट होतो आहे, हे त्या यंत्राला काय कळणार? लिलाव सोळाशेवर थांबला. दिलेली बोली मागे घेता येत नाही आणि घेणाऱ्याचा पत्ता विकणाऱ्याला आपोआप जातो, हे लेकीने तेव्हा सांगितलं, तेही हसू दाबत.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच तोरण घेऊन दारात उभी. मी आतून पैसे आणले. ती हसली असती तर बरं झालं असतं. तोरण माझ्या हातात देत ती म्हणाली, "वहिनी, त्या दिवशी जिन्यात नुसतं 'छान झालंय' म्हटलं असतंत, तरी मी तुम्हाला तसंच देऊन टाकलं असतं."