माईंची तबेल्यातली गाडी

२ फेब्रुवारी १९५८, रविवार. आकाश निरभ्र. सकाळी चांगलाच गारवा. फणसवाडीत माणसं कानाला मफलर गुंडाळून दुधाला उभी.

किस्से साठायला फार काही लागत नाही. एक बंद दार पुरतं. ते उघडलं की वाडीतल्या प्रत्येकाला काहीतरी बोलायचं असतं. मला रोज दोन ओळी लिहायची सवय, त्यामुळे त्यातलं थोडं माझ्याकडे उरलं आहे.

हे दार आमच्या वाडीच्या मागच्या तबेल्याचं. आत माईंची गाडी होती. माई म्हणजे सुलोचनाबाई, वाडीच्या मालकांच्या घरातल्या, वय साठीच्या पुढे. गाडी इंग्लिश, दोन सीटांची, उघड्या टपाची, लांब नाकाची. माईंच्या यजमानांनी ती हौसेने आणली, पण चालवायच्या माई. नऊवारीत, डोळ्यांवर गॉगल, जुहूच्या ओल्या वाळूवरून! लढाईत पेट्रोलचं रेशनिंग आलं तेव्हा गाडी तबेल्यात गेली. मग यजमान गेले आणि दाराला कुलूप लागलं.

आता घर भाच्याच्या, वसंतरावांच्या नावावर. त्यांनी तबेला काळबादेवीच्या एका कागदवाल्याला गोडाऊनसाठी द्यायचं ठरवलं. दसऱ्याच्या मुहूर्तावर माल येणार. गाडीसाठी माईंनी माटुंग्याच्या मैत्रिणीचं रिकामं गॅरेज मागून घेतलं. वसंतराव म्हणाले, "आत्या, दसऱ्याच्या आदल्या दिवसापर्यंत ती स्वतःच्या इंजिनावर माटुंग्याला गेली तर तुझी. नाही तर भंगारवाला सांगून ठेवलाय."

माई म्हणाल्या, "बरं." आणि त्या रविवारी कुलूप उघडायला मला हाक मारली.

* * *

दार उघडलं तर गाडी दिसेचना. तबेला थंड, म्हणून इतक्या वर्षांत वाडीतल्या बायकांनी मागच्या खिडकीतून आपापलं सामान आत सोडलं होतं. बॉनेटवर गाद्या, मडगार्डांवर पाट, आणि दोन्ही सीटांवर ओळीने लोणच्याच्या बरण्या.

सगळ्यांना निरोप गेले. गाद्या गेल्या, पाट गेले. ड्रायव्हरच्या सीटवरची एक मोठी बरणी मात्र कोणी नेईना. शेवटी पहिल्या मजल्यावरच्या जोगळेकरकाकू स्वतः खाली आल्या, फडकं सोडून वास घेतला आणि म्हणाल्या, "गाडीचं काय करायचं ते करा. ही मात्र हलवू नका, अजून मुरतंय."

पहिला महिनाभर गाडीचं काम त्या बरणीला वळसा घालून चाललं.

* * *

काम करणारे दोघे, परळच्या एकाच गिरणीतले. गोपाळ सावंत फिटर. माझ्या बायकोच्या गावचा, मालवणकडचा, म्हणून मीच त्याला आणला. त्याने आणला भिकाजी कांबळेला. भिकाजी टर्नर, राहायला भोईवाड्याच्या चाळीत. दोन वर्षांपूर्वी त्याने घरच्यांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. दोघांचं एकमेकांवाचून चालत नसे आणि एकमेकांशी सरळ बोलणंही होत नसे.

मजुरी दोघांनीही घेतली नाही. रविवारी माईंच्या हातचं जेवण, एवढंच ठरलं. पहिल्या रविवारी कोळंबी होती. जेवून उठताना भिकाजी गोपाळला म्हणाला, "गोप्या, घाई करू नकोस. अजून सरंगा व्हायचाय."

* * *

इंजिन जाम होतं. हँडल लावून दोघे लोंबकळले तरी ढिम्म. माझ्या अंदाजाने आता घण येणार होता. गोपाळने प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये रॉकेल आणि तेलाचं मिश्रण सोडलं, हात पुसले आणि म्हणाला, "आता जेवूया."

पुढच्या रविवारी त्याने तेच केलं. त्याच्या पुढच्याही. गाडी गिअरमध्ये टाकायची, मागचं चाक उचलून घ्यायचं, त्यावर दोन्ही हात ठेवून हलकेच दाबायचं, पुन्हा मिश्रण सोडायचं आणि जायचं. वसंतराव एकदा डोकावून गेले आणि विचारून गेले, की हा दुरुस्ती करतोय की शेक देतोय?

होळी झाल्यावरच्या एका रविवारी तो असाच चाक दाबत होता. अचानक थांबला. मला म्हणाला, "बोट ठेवा हंय." मी टायरवर बोट ठेवलं. त्याने दाबलं. चाक हललं, जेमतेम माझ्या नखाएवढं. आतून, पार खोलवरून, कोणी सुस्कारा सोडावा तसा आवाज आला.

तिथे आम्ही चौघे होतो. माईंनी पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "चहा टाकू ना?"

* * *

रेडिएटर लालबागच्या एका तांबटाकडे गळती बुजवायला, डाग द्यायला दिला होता. तो तयार झाला त्याच दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ पडला. ट्राम बंद, बस बंद, गिरण्या बंद. दोघांना आयती सुट्टी. त्यांनी रेडिएटर पांढऱ्या चादरीत गुंडाळला, बांबूला बांधला, खांद्यावर घेतला आणि गिरगावकडे निघाले.

वाटेत मोर्चा लागला. पांढऱ्यात गुंडाळलेलं, बांबूवर, दोन गंभीर माणसांच्या खांद्यावर! लोकांना वाटलं, ही सरकारची प्रेतयात्रा. त्यांना मान देऊन पुढे घेतलं. कोणी हार घातला, कोणी गुलाल टाकला. गिरगावात पोचल्यावर हे दोघे फणसवाडीकडे वळू लागले, तर लोक वळू देईनात. प्रेत मध्येच कुठे नेता म्हणाले. रेडिएटर थेट चौपाटीवर गेला, त्याने अख्खी सभा ऐकली आणि दिवेलागणीला घरी आला.

माईंनी घाबरून विचारलं, फार त्रास झाला का? भिकाजी म्हणाला, "त्रास कसला, बाई. रडायला माणसंसुद्धा मिळाली."

* * *

पावसाळ्यात इंजिन खोलून तबेल्याच्या जमिनीवर गोणपाटावर मांडलेलं होतं. त्या दिवसांत रोज संध्याकाळी तबेल्यातून खटखट आवाज यायचा. उंदीर असतील म्हणून मी काठी घेऊन गेलो. वसंतरावही आले.

माई गाडीत बसल्या होत्या. क्लच दाबत होत्या, गिअर टाकत होत्या, आरशात बघून वळत होत्या. समोर बॉनेटखाली नुसती पोकळी.

वसंतराव हसत म्हणाले, "आत्या, अगं इंजिन खाली जमिनीवर आहे."

माईंनी गिअर बदलला. "इंजिन विसरलं तर गोपाळ आहे. माझे पाय विसरले तर कोण आहे?"

वसंतरावांनी माझ्या हातातली काठी घेतली आणि आम्ही दोघे गुपचूप बाहेर आलो.

* * *

खंडेनवमी, दसऱ्याचा आदला दिवस. ऊन स्वच्छ, वारा नाही. इंजिन आदल्या संध्याकाळीच चढलं होतं. फक्त सुरू करून माटुंगा गाठायचं होतं. बॅटरी घेतलेलीच नव्हती; हँडल मारूनच सुरू करायची.

मी तबेल्यात गेलो तर गोपाळ अंघोळ करून, टिळा लावून बसला होता. समोर पाटावर त्याची सगळी हत्यारं मांडलेली. पाने, हातोडी, कानशी, त्यांवर हळदकुंकू आणि झेंडू. आणि मधोमध गाडीचं हँडल! तीस वर्षं खंडेनवमीला हत्यार दिसलं की पाटावर ठेवायचं, हीच त्याच्या हाताला सवय. पूजा झाली होती. आता उद्यापर्यंत पाटावरचं काही उचलायचं नाही.

भिकाजीने कपाळावर हात मारला. "माझ्याकडे पूजा नाही. मी उचलतो."

गोपाळ म्हणाला, "तू उचलशील रे. पण मांडलंय मी."

भिकाजीने पुढे केलेला हात मागे घेतला.

तेवढ्यात वाडीच्या तोंडाशी भंगारवाल्याचा बैलांचा खटारा येऊन थांबला. वसंतरावांनी माईंकडे बघितलं, मग जमिनीकडे.

माईंनी गोपाळला विचारलं, "गाडीची पूजा केलीस?"

"नाय."

"का?"

"चलली तर यंत्र, बाई. तोपर्यंत नुसता लोखंड."

"मग लोखंड ढकलायला हरकत नाही ना?"

गोपाळने क्षणभर विचार केला आणि सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या.

माई बसल्या. शेजारी भिकाजी. मागून गोपाळ, मी, वसंतराव, आणि हातातलं काम टाकून आलेली निम्मी वाडी. पहिल्या दमात काही नाही. खटारेवाल्याने बैल मागे घेऊन वाट दिली आणि तोही मागे लागला. माईंनी क्लच सोडला. गाडीने एक गचका खाल्ला, निळा धूर सोडला आणि तिचं इंजिन गरजू लागलं. दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांत माणसं उभी होती.

गोपाळने हात जोडले. "आता ह्या यंत्र झाला, बाई. आज बंद ठेवूक होया."

भिकाजी सीटवरून वळला. "तुझ्यासाठी यंत्र. आमच्यासाठी गाडी. तू बसने ये."

"बस पण यंत्रच मां?"

"मग चालत ये!"

माईंनी गॉगल लावला. गाडी वाडीबाहेर पडली.

माटुंग्याला ती दुपार कलल्यावर पोहोचली. वाटेत कुठे बंद पडली नाही. खटारा रिकामा परत गेला. गोपाळ दिवेलागणीला पोहोचला, चालत, हातात झेंडूचा हार. त्याने बॉनेटवर तळवा ठेवला. ते अजून कोमट होतं. मग त्याने हार घातला.