धाकट्या राजाचा वाडगा

आस्ता एकदा हटून बसली की तिचा नवरासुद्धा मुकाट्याने गोठ्यात निघून जायचा.

नीदारोस शहराच्या उत्तरेला, खाडीकाठी तिचं शेत. राजाचं सगळ्यात धाकटं पोर तिच्याच अंगावर पिऊन वाढलं होतं. बाप गेला तेव्हा दोघा थोरल्या भावांबरोबर तेही राजा झालं. राज्य तिघांचं, पण पोराला अजून नीट नाकही पुसता येत नव्हतं.

राजे गावोगाव पाहुणचार घेत फिरत. त्या हिवाळ्यात धाकटा राजा आस्ताकडे उतरला. जेवणाआधी प्रत्येक राजाच्या नावाने जवाच्या दारूचा वाडगा प्यायचा, असा रिवाज. थोरल्यांचा कारभारी कोल्बेन सोबत होता. त्याने दोन मोठे वाडगे मांडले आणि तिसऱ्या जागी मिठाची वाटी सरकवली.

"एवढुशा राजाला एवढंच!"

माणसं खो-खो हसली. पोरही हसलं, बिचाऱ्याला काय कळतंय! आस्ताच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

"तीन राजे, तीन सारखे वाडगे. नाहीतर पिंपाचं बूच निघायचं नाही. बसा कोरड्या घशाने!"

"अगं बाई, पेलणार आहे का त्याला?"

"नाही पेलला तर सांडेल. तुमच्या बापाचं काय जातं, कारभारी?"

तिने मोठा वाडगा पातळ दारूने भरला. पोराने तो दोन्ही हातांनी उचलला आणि निम्मी दारू छातीवर ओघळली. ते ओशाळून तिच्याकडे बघायला लागलं.

"सांडू दे, राजा. तळ दिसेपर्यंत पी."

ते प्यालं. मग कुणी हसलं नाही.

पुढे दर हिवाळ्यात धाकटा राजा यायचा, चुलीजवळच्या ठरलेल्या जागेवर बसायचा. मिसरूड फुटते न फुटते तोच तापाने गेला. आस्ता धाय मोकलून रडली. मग डोळे पुसून तिने त्याच्या नावाच्या दारूसाठी जव भिजत घातले.

पाहुणचाराच्या वेळी कोल्बेन आला. दाढी पिकलेली, हात कापणारे.

"आता वाडगे दोनच मांड, बाई. त्याचा हिस्सा भावांकडे गेला," म्हणत तो चुलीजवळच्या जागेकडे वळला.

आस्ता आडवी उभी राहिली. "गेलेल्याच्या नावाचा वाडगा प्यायल्याशिवाय त्याची जागा कुणाला मिळत नाही."

"शहरात प्यायले की सगळे!"

"माझ्या घरात नाही प्यायले."

कोल्बेनने उसासा टाकला. "बरं, आण. पण लहान आण. हात थरथरतात."

"लहान नाही."

तिने मोठा वाडगा काठोकाठ भरला. कोल्बेनने उभं राहून धाकट्या राजाचं नाव घेतलं. वाडगा ओठाला लावताना निम्मी दारू दाढीवरून छातीवर ओघळली आणि तो ओशाळला.

"सांडू द्या," आस्ता म्हणाली. "तळ दिसेपर्यंत प्या."