गोरेगावच्या वाटेवर: विहिरीतलं तेल कुणाचं?

"विहिरीत तेल तरंगून राहिलंय, आणि अख्खं गाव रफिकभाईंवर धावून गेलंय. येतेस का?" हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावजवळच्या एका खेड्यात शिक्षिका असलेल्या माझ्या मैत्रिणीचा, सुनंदाचा, फोन आला आणि मी पुण्याहून निघाले. पाझरणारं तेल मुळात कोणत्या खडकात तयार झालं, हे त्यातल्या रेणूंवरून शोधणं हेच माझं काम.

हिंगोलीपर्यंत रेल्वे, पुढे सेनगावची एसटी, मग जीप. जीप भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा पाण्याची बाटली आणि धीर दोन्ही सोबत ठेवा. स्टँडवर गरम भजी मिळाली तर सोडू नका. दुतर्फा हळदीची रुंद हिरवी पानं पाहून माझा शीण गेला, पण तो आनंद गावात शिरेपर्यंतच टिकला.

विहिरीच्या वरच्या अंगाला रफिकभाईंचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याला गावानंच कुलूप ठोकलं होतं.

"इंजिनातलं जळकं ऑईल यानंच ओतलं," सरपंच म्हणाले.

"कुणी पाहिलं?"

"पाहायचं काय त्यात? तेलाचं काम दुसरं कोन करून राहिलं इथं?"

हापशावर बायकांनी रफिकभाईंच्या बायकोची घागर पायानं बाजूला सारली. माझ्यासमोर! तिनं ती उचलली आणि रिकामीच घरी नेली. माझं डोकं सणकलं.

"मॅडम, खाली पेट्रोल तर लागलं नसंल?" एकानं आशेनं विचारलं. मी सांगितलं, हा आपला काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. खनिज तेल बनतं ते जुन्या समुद्रतळाच्या, मेलेल्या जिवांनी भरलेल्या चिखलात. तसल्या खडकाची खूण तेलात राहते. पण आधी हे तेल जमिनीतून आलं की माणसाच्या हातून, ते पाहू.

विहिरीमागे विजेची डीपी होती, म्हणजे आत तेल भरलेला ट्रान्सफॉर्मर, आणि तिच्या पायथ्याची माती काळी, चिकट.

"ही कधी जळाली?"

"मागल्या महिन्यात. माणसं आली, दुरुस्त करून गेली."

"जुनं तेल कुठं टाकलं?"



विहिरीतलं तेल, दुकानातल्या पिंपातलं ऑईल आणि डीपीखालची माती, असे नमुने मी काचेच्या बाटल्यांत भरले. (प्लास्टिकची बाटली वापरू नका, तिचेच रेणू तेलात उतरतात.) सुनंदाकडे ज्वारीची भाकरी आणि ठेचा होता. रागाच्या भरात मी जरा जास्तच जेवले.

प्रयोगशाळेत उत्तर स्वच्छ निघालं. इंजिनचं ऑईल जड असतं. विहिरीतलं तेल हलकं होतं, आणि डीपीखालच्या मातीतल्या तेलाशी तंतोतंत जुळत होतं. अहवाल पाठवताना मी सरपंचांना बजावलं, "आरोप चौकात केलात, हेही चौकातच वाचा." त्यांनी तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटवला आणि "झालं काम" म्हणाले. वीजवाल्यांकडे सुनंदानं तक्रार दिली आहे. तिथले साहेब रजेवर आहेत म्हणे.

परवा रफिकभाईंचा फोन आला. "दुकान उघडलं, मॅडम. गिऱ्हाईक येऊन राहिलेत."

"माफी मागितली कुणी?"

"न्हाई. काही झालंच न्हाई असे येतात. बसतात, चहा मागतात."

"मी तर पाणीसुद्धा विचारलं नसतं!"

"आमी देतो चहा, मॅडम," ते म्हणाले. "आमाला इथंच ऱ्हायचं हाय."

तेलाचं मूळ सापडलं याचं समाधान व्हायला हवं होतं. मला अजून त्या चहाचाच संताप येतो आहे.