नळीचं तोंड

टर्टल रन या डोंगरातल्या गावात लाइल कीफरला लाइल म्हणणारी माणसं दोनच होती. एक त्याची बायको आणि दुसरा टपालवाला. बाकी सगळं गाव त्याला शेपट्या म्हणायचं, आणि त्यालाही आता त्याचं काही वाटत नाही असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

या डोंगरांत हरणावर बार टाकून जो चुकतो त्याच्या सदऱ्याचा मागचा घोळ, म्हणजे शेपूट, कापतात. रात्रीच्या जेवणाआधी त्याला टेबलावर वाकवायचं, कात्री चालवायची आणि तो तुकडा नाव आणि साल लिहून शिकारीच्या खोपीच्या भिंतीवर ठोकायचा. प्रत्येकाचे एकदोन असतातच, त्यात लाज नाही. लाइलचे मात्र इतके झाले की खिडकीपासून चुलीपर्यंतची भिंत त्याच्याच कापडांनी भरून गेली. नोव्हेंबर आला की त्याची आई त्याच्यासाठी विटके सदरे वेगळे काढून ठेवायची. कापायचेच आहेत तर नवे कशाला, असा तिचा सरळ हिशोब होता.

खरं तर सुरुवात अशी नव्हती. सोळाव्या वर्षी त्याच्या बापानं, हार्लननं, आपली बोल्टची, म्हणजे मागची कडी ओढून भरायची रायफल त्याच्या हातात ठेवली, तेव्हा अख्खी खोपी टाळ्या वाजवत होती. त्याच साली लाइलनं भलीमोठी शिंगं असलेला नर एका गोळीत पाडला. नंतरच्या साली जेमतेम जमलं. त्याच्या पुढच्या साली नेम हुकला आणि मग हुकतच गेला. एकदा धीर करून तो म्हणाला होता, "बाबा, ही रायफल बाजूला मारते." हार्लननं चमचा खाली ठेवला, खोपीतल्या सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "ऐकलंत? हिच्यानं मी पंधरा नर पाडले. आमच्या चिरंजीवांच्या हातात आली आणि हिला बाजू सुचायला लागली." त्यानंतर लाइलनं तो विषय काढला नाही. दोष आपल्याच हातात आहे हे त्यानं मान्य केलं, आणि एकदा मान्य केल्यावर हातही खरोखरच थरथरायला लागले.

त्यानं बंदूक धरली त्या शेवटच्या वर्षी त्याची गोळी एका नराच्या जबड्याला लागली. बापलेक रक्ताच्या थेंबांमागे दोन दिवस हिंडले. तिसऱ्या दिवशी तो ओढ्यात उभा सापडला. पाण्यात तोंड घालत होता आणि त्याला पिता येत नव्हतं. हार्लननं लाइलच्या खिशातली काडतुसं काढून घेतली आणि त्याच्या हातात सुरी दिली. "जवळून तरी चुकणार नाहीस," एवढंच म्हणाला. तेव्हापासून लाइलनं बंदुकीला हात लावला नाही. खोपीत तो स्वयंपाक करायचा, घेवडा शिजवायचा, सगळ्यांचे मोजे चुलीवर वाळत घालायचा. आणि हार्लन दरवर्षी नव्या पाहुण्याला ती ओढ्याची गोष्ट सांगायचा, तीही लाइल ताटं वाढत असताना.

यंदा उन्हाळ्यात हार्लनच्या उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली. मोठ्या काडतुसाच्या रायफलीचा धक्का आता खांद्याला चालणार नाही, असं डॉक्टरनं बजावलं. पण थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी हरणांचा हंगाम उघडतो, आणि त्या दिवशी डोंगरात न जाणं हार्लनला मरणाहून वाईट होतं. त्यानं लाइलच्या घरी येऊन कपाट उघडलं आणि ती जुनी रायफल बाहेर काढली. "नुसती पडून आहे. वेल्माकडे देऊ आणि बदल्यात हलकी, कमी धक्क्याची घेऊ. गाडी काढ." विचारलं वगैरे काही नाही. लाइलनं गाडी काढली.

वेल्मा श्लेगलचा नवरा बंदुका दुरुस्त करायचा. तो गेल्यावर गावानं मानलं की दुकान बंद पडणार. वेल्मानं तसं काही मानलं नाही. तिची जीभ नवऱ्याच्या कानशीपेक्षा धारदार होती, आणि हंगामाआधीच्या त्या शनिवारी दुकानात कॉफीचे पेले घेऊन टेकलेली माणसं निम्मी तर ती जीभ ऐकायलाच आलेली असायची. त्यात डेल्बर्ट रीसही होता. हा हार्लनच्याच खोपीतला, आणि त्याच्या पोटात गोष्ट दुपारपर्यंतसुद्धा टिकत नसे.

"आलं बघा राजघराणं," वेल्मा म्हणाली. "काय आणलंस हार्लन?"

"सोनं आणलंय. त्या काळातली रायफल आता बनत नाही. ती भिंतीवरची हलकी दे आणि वर काय द्यायचं ते तूच बोल."

वेल्मानं रायफल हातात घेतली. तिनं बोल्ट मागे ओढला, आत बोट घालून नळी रिकामी असल्याची खात्री केली आणि मगच रायफल टेबलावर आडवी घेतली. बोल्टवरचा आकडा नळीच्या मुळाशी असलेल्या आकड्याशी ताडून पाहिला. तो जुळला. दस्ता जिथं लोखंडाला भिडतो तिथं नखानं चाचपलं, कारण जुन्या रायफलीचा दस्ता तडकला तर तिथूनच तडकतो. तडा नव्हता. स्क्रूंच्या खाचा कोऱ्या होत्या, म्हणजे कुणी उपटसुंभानं खोलली नव्हती. लोखंडाचा निळा रंग उचलायच्या जागी झिजून चांदीसारखा झाला होता, तो झिजायचाच.

"जपलीयस," ती म्हणाली.

हार्लनची छाती फुगली. "दर रविवारी साफ केलीय. प्रार्थनेवरून आलं की आधी ही, मग जेवण. ह्याला दिली खरी, पण साफ करायला मीच ह्याच्या घरी जातो, ह्याच्या हातात कधी दिली नाही. ह्याचा काय भरवसा."

"बरोबर आहे," डेल्बर्ट म्हणाला. "शेपट्यानं साफ केली असती तर आज नळीत घेवडा निघाला असता."

माणसं हसली. लाइलही थोडा हसला. ती सवय त्याला होती.

वेल्मा हसली नाही. तिनं बोल्ट काढून मागून नळीत डोळा लावला. पिळाच्या खाचा आत स्वच्छ, चकचकीत होत्या. मग तिनं नळीचं तोंड दिव्याखाली धरलं आणि बराच वेळ तिथंच पाहत राहिली. "साफ कुठून करतोस?" तिनं विचारलं.

"कुठून म्हणजे? तोंडाकडून. माझ्या बापानं शिकवलं तसं."

"तुझ्या बापाकडे खालचा दांडा ओढून भरायची रायफल होती. तिला मागून वाट नसते, तिथं तोंडातूनच साफ करायचा गज घालावा लागतो. हिचा बोल्ट निघतो, हार्लन. मागून घालायचा असतो गज. आणि कसला वापरतोस? लोखंडी?"

"चांगला पोलादी आहे. तीन तुकड्यांचा."

वेल्मानं भिंतीवरची त्याच मापाची एक रायफल उतरवली आणि डब्यातलं एक काडतूस घेऊन टोक खाली करून तिच्या तोंडात सोडलं. गोळी अर्धी आत गेली आणि अडली, तिचं तांबडं अंग बाहेर दिसत राहिलं. "हे चांगलं तोंड," ती म्हणाली. मग तसलंच काडतूस तिनं हार्लनच्या रायफलीच्या तोंडात सोडलं. गोळी अख्खी आत गेली आणि काडतुसाची पितळी मान नळीच्या काठावर टेकली. तांबडं काही दिसेना.

बघायला कुणाला चष्मा लागला नाही.

"दर रविवारी गज घासून तोंड खाल्लंयस तू हिचं," वेल्मा म्हणाली. "गोळी नळीतून सरळ येते आणि बाहेर पडताना तिला ढकलल्यासारखं होतं. कधी डावीकडे जाईल, कधी वर. डोंगराच्या ह्या अंगावरून त्या अंगावर मारायचं म्हणजे देवाच्या हवाली. हिच्यानं कुणाचा नेम लागला असता तर मला नवल वाटलं असतं."

ती हे नळीकडे बघत बोलली. बाकी सगळे मात्र लाइलकडे बघत होते, आणि त्याला कुठं बघावं ते कळेना. त्याला आनंद झाला असेल असं कुणाला वाटेल. तसं झालं नाही. त्याला आधी तो ओढ्यातला नर आठवला, मग आईनं काढून ठेवलेले विटके सदरे. आणि मग राग आला, पण तो गरम नव्हता. तो गार होता.

"दुरुस्त होतं का?" त्यानं विचारलं.

"होतं की. झिजलेलं तेवढं आतून कातून काढायचं आणि नवी कड धरायची. तुम्ही पलीकडे खाणावळीत जाऊन अंडी खाऊन या, तोवर होईल. कधीही आणली असतीत तरी एवढंच काम होतं."

हे शेवटचं वाक्य वेल्मानं मुद्दाम टाकलं की सहज, सांगता येत नाही. तिच्या स्वभावाकडे पाहता मुद्दामच असावं.

हार्लनचे कान लाल झाले होते. पण तो हार्लन होता. "एवढी वर्षं हातात वागवली ह्यानं," तो म्हणाला, "आणि ह्याला कळलं नाही? नेमबाज असता तर कळलं असतं."

डेल्बर्टनं टोपी डोळ्यांवर ओढली. खोपीतली ती 'बाजूला मारते'ची गोष्ट त्यानं स्वतः कितीदा तिखटमीठ लावून सांगितली होती.

"सौदा सांगते," वेल्मा म्हणाली. "तोंड नीट केल्यावर मागच्या बांधावर तीन गोळ्या मारा. तिन्ही बशीएवढ्या जागेत बसल्या तर ती हलकी घेऊन जा, वर कुणी कुणाला काही द्यायचं नाही. नाही बसल्या तर तुमची तुम्हाला लखलाभ."

ते अंडी खायला गेले. बापलेक एका टेबलावर बसले. हार्लननं दोनदा मीठ मागितलं, लाइलनं दोनदा दिलं. माफीचा एक शब्द, अगदी अर्धा, तेव्हा आला असता तर पुढचं झालं नसतं. लाइल त्याची वाट बघत होता आणि आपण वाट बघतोय ह्याची त्याला लाजही वाटत होती. हार्लननं पावानं पुसून बशी साफ केली आणि म्हणाला, "डेल्बर्टला सांगून ठेव, खोपीवर ह्यातलं काही बोलायचं नाही."

दुकानामागं मातीचा बांध होता आणि त्यावर निशाणाचा कागद लावलेला. अलीकडे लाकडी टेबल, त्यावर वाळूची पिशवी. दुकानातली सगळी माणसं कोटांच्या खिशात हात घालून मागं उभी राहिली. वेल्मानं रायफल पुढं केली ती लाइलकडे. त्याचा जवान खांदा, त्यानंच मारायचं, हे सगळ्यांनी धरलेलं होतं.

लाइलनं हात मागं घेतले. "मी चुकणारा माणूस," तो म्हणाला. "सौदा जाईल. बाबाच मारतील. पंधरा नर पाडलेत त्यांनी हिच्यानं."

"त्याचा खांदा बघ जरा," वेल्मा हळूच म्हणाली.

"तीनच तर गोळ्या आहेत."

हार्लननं पोराकडे पाहिलं. मग मागच्या माणसांकडे पाहिलं. नाही म्हणायला फक्त तोंड उघडायचं होतं, पण एवढ्या टोप्यांसमोर तो शब्द त्याला आयुष्यात कधी जमला नव्हता. तो बसला आणि त्यानं दस्ता उजव्या खांद्यात रोवला.

पहिल्या बाराला तो नुसता हलला. दुसऱ्याला त्याच्या घशातून आवाज निघाला आणि त्यानं तो खोकल्यात लपवला. तिसऱ्यानंतर त्याचा उजवा हात टेबलावर पडला तो काही वेळ उचललाच नाही. वेल्मानं दुर्बिणीतून कागद पाहिला. "तिन्ही एकमेकींना चिकटल्यात," ती म्हणाली. "सौदा झाला. उठ आता, हार्लन."

हार्लन पांढराफटक पडला होता. कपाळावर घाम होता, आणि त्या थंडीत त्याची वाफ निघत होती. पण कागद आला तसा त्यानं तो डाव्या हातानं घेतला, मागं वळून सगळ्यांना दाखवला आणि म्हणाला, "बघा. बंदुकीत काही खोट नव्हतीच."

डेल्बर्ट आपल्या बुटांकडे बघू लागला. वेल्मानं तोंड उघडलं होतं, पण त्याआधी लाइल पुढं झाला. त्यानं टेबलावरच्या डब्यातून एक काडतूस उचललं आणि बापाच्या पडलेल्या हातात ठेवलं. ते धरायलाही बोटं नीट मिटत नव्हती, म्हणून लाइलनंच ती एकेक करून मिटली.

"सौदा झाला म्हटलं ना मी," वेल्मा म्हणाली.

"रायफल माझी आहे," लाइल म्हणाला. "देण्याआधी मला अजून एक गोळी बघायचीय. मारा बाबा."

"लाइल," हार्लन म्हणाला. त्याच्या आवाजात विनवणी होती. ती लाइलनं आजवर कधी ऐकली नव्हती. त्याला ती गोड लागली आणि गोड लागतेय ह्याचं त्याला काहीच वाईट वाटलं नाही.

"सगळे बघतायत, बाबा."

म्हातारा वळला. डाव्या हातानं त्यानं काडतूस आत सारलं, बोल्ट पुढं ढकलून खाली पाडला आणि दस्ता पुन्हा त्याच खांद्यावर घेतला. लाइल टेबलाला वळसा घालून बाजूला गेला. तिथून कागद दिसत नव्हता, बापाचा चेहरा तेवढा नीट दिसत होता.