दाबून भरलेली वाटी

सुमनकाकू भाजी आणायला निघाल्या की पिशवीत मिठाचा किलोचा पुडा घेत. भाजीवाल्याच्या काट्यावर आधी तो पुडा ठेवत, आकडा बघत आणि मगच वांगी निवडायला बसत. आमच्या नंदनवन वस्तीतले सगळे भाजीवाले त्यांना ओळखून होते. "मानूस खोटा नसन वं, पन काटा असू शकते," असं त्या मला, म्हणजे त्यांच्या शेजारणीला, समजावत. खरं तर माणसांवरही त्यांचा भरोसा नव्हता. दूधवाला, गॅसवाला, घरी येणारा पाहुणा, सगळ्यांकडे त्या डोळे बारीक करूनच बघत.

सगळ्यात जुना संशय मात्र कामठीच्या धाकट्या जावेवर, प्रमिलाबाईंवर होता. सासूबाईंनी दोघी सुनांना किसलेल्या आवळ्याचा मोरावळा एकत्रच शिकवला होता. एक वाटी कीस, एक वाटी साखर. प्रमिलाबाईंचा मोरावळा वर्षभर मऊ राही आणि काकूंच्या बरणीत थोड्याच दिवसांत साखरेचे खडे होत.

"बुढीनं तिच्या कानात काही तरी सांगतलं. मले पयलेच शक होता," काकू म्हणत. हा शक वाढत वाढत इतक्या थराला गेला की सासूबाई वारल्यावर त्यांनी कामठीला जाणंच सोडलं.

मी घरून केकच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे माझ्याकडे छोटा वजनकाटा असतो. एका हिवाळ्यात काकू आवळे किसत असताना मी तो घेऊन गेले. काकूंनी अर्थातच आधी मिठाचा पुडा ठेवून पाहिला. मग मी त्यांच्या वाटीतला कीस तोलला आणि त्याच वाटीत साखर भरून तोलली. साखर जवळजवळ दुप्पट भरली.

"असं कसं? वाटी तं एकच हाय!"

"काकू, किसात मधे मधे हवा असते. साखर गच्च बसते. म्हणून ती जास्त पडते आणि मग तिचे खडे होतात."

मी वाटीतला कीस दाबला, वर आणखी घातला, पुन्हा दाबला. आता वजन साखरेच्या जवळ गेलं. काकू वाटीकडे बघतच राहिल्या.

"बुढी अंगठ्यानं दाबे," त्या हळूच म्हणाल्या. "मले वाटे, सवय हाय तिची."

दुसऱ्या दिवशी त्या शेअर ऑटोनं कामठीला गेल्या. संध्याकाळी परतल्या त्या थेट माझ्या पायरीवर येऊन बसल्या.

"प्रमिला का म्हने, माहीत हाय? 'तुमचं नंदनवनात घर झालं, मंग आमचं हातमागाजवळचं लहानसं घर तुमाले कमी वाटून राहिलं, म्हनून येत नसान.' इतकी वर्सं ते हेच धरून बसली होती वं. दोघीबी येड्या!"

पुढे दरवर्षी दोघी मिळून मोरावळा करू लागल्या, वजनावर. बाकीच्या जगाबद्दल काकूंचं मत बदललं नाही. शेवटच्या आजारात दवाखान्यातही त्या गोळीचं पाकीट उलटंसुलटं करून पाहत आणि नर्सला औषधाचं नाव दोनदा विचारत.

मी भेटायला गेले तेव्हा प्रमिलाबाई उशाशी होत्या. डॉक्टर नुकतेच 'लवकर घरी जाल' म्हणून गेले होते.

"प्रमिला," काकूंनी विचारलं, "हा खरं सांगून राहिला का वं?"

"हो ताई."

"तू म्हन्तं तं असन," म्हणून काकूंनी डोळे मिटले.

प्रमिलाबाई उठून बाहेर व्हरांड्यात गेल्या आणि तोंडाला पदर लावून बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या.