भाकरीला साबणाचा वास

बाथरूमच्या खिडकीत पत्र्याच्या छोट्या डबीत दाढीचा साबण ठेवला आहे. कुणीतरी घरच्या घरी शिजवून हाताने भरलेला. वरच्या थरावर बोटाचा पुसट ठसासुद्धा आहे. सकाळी कंपनीची बस गाठायच्या घाईत मी तोंड धुवायला जाते आणि वाळ्याचा ओलसर, मातकट वास मला थांबवतो. मोशीच्या आमच्या घरात खिडकी उघडली की नव्या इमारतींची धूळ आत येते. त्या धुळीत हा वास नवख्या पाहुण्यासारखा अवघडून बसलेला असतो.

माझे वडील, आमचे अण्णा, चिंचवडच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर होते. आई आणि मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहत होतो. माझी शाळा तिथलीच. अण्णा दिवाळीला आणि मे महिन्यात येत. एसटीतून उतरून घरी आले की खिडकीच्या गजाला आरसा अडकवून आधी दाढी करत, मगच मला जवळ घेत. मशीनवर सोडतात त्या तेलपाण्याचा आंबूस वास त्यांच्या केसांत, दाढीत मुरलेला असे, आणि तो लेकराला लागू नये असे त्यांना वाटे. रजा असेतोवर ते पुन्हा ब्रश हातात घेत नसत. खुंट वाढत, माझ्या गालाला टोचत, आणि मला ते आवडे. मग एका सकाळी पुन्हा आरसा गजाला लागे, गुलाबासारखा पण गुलाबापेक्षा तिखट असा तो वास अंगणभर होई, आणि दुपारी अण्णा घरात नसत. येण्याचा आणि जाण्याचा वास एकच. तुमच्याही आठवणीत असा एखादा दुहेरी वास असेल, ज्याने आनंदून जावे की धास्तावावे हे कळत नाही.

माझ्या बालबुद्धीने आपला अर्थ लावला होता. दाढी केली म्हणून अण्णा जातात. एका मे महिन्यात मी त्यांचा साबण ज्वारीच्या पिठाच्या डब्यात खोल पुरून ठेवला. अण्णांनी घर शोधले, मग ते हसले, आणि तसेच खुंट वाढलेल्या गालांनी गाडीला गेले. संध्याकाळी आईने भाकऱ्या थापल्या. पहिला घास तोंडात घालताच ती माझ्याकडे वळली, "काय गं भवाने, भाकरीची दाढी करायली होतीस का?" पण तिने ते पीठ टाकले नाही. संपेपर्यंत आम्ही दोघी तीच भाकरी खात होतो. तुकडा मोडल्यावर आई तो क्षणभर नाकाजवळ धरी आणि मगच खाई. ती वास गेला की नाही ते बघते आहे, असे मला तेव्हा वाटे.

त्या येण्याजाण्यावर मी शिकले. घरातली पहिली पदवी माझ्या हाती आली, आणि आज मी चाकणला एका कंपनीत सुटे भाग तपासते. आई आता नाही. अण्णा माझ्याकडे असतात. त्यांचे हात थरथरतात आणि ते थांबायचे नाहीत, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. दाढी सुटली, मग खाली फिरायला जाणे सुटले. मग घास सांडतो म्हणून ते खोलीतच एकटे जेवू लागले. सलूनमध्ये नेते म्हटले तर म्हणत, "आता कुठं जायचंय मला? कुठल्या कारखान्याचं गेट गाठायचं हाय?" त्यांचे बंद दार बघून मला वाटे, एक दिवस हा माणूस या खोलीतून बाहेर यायचाच नाही.

हाताने बनवलेल्या वस्तूंचे प्रदर्शन पिंपरीत लागले होते. तिथे एक तरुण हे साबण विकत होता. मी एकेक डबी हुंगत जुना वास शोधत होते. तो कशातच नव्हता. शेवटी वाळ्याची डबी घेतली. "बोअरचं पाणी वापरू नका ताई," तो म्हणाला, "फेस उभा राहत नाही. प्यायचं घ्या."

रविवारी मी आरसा, गरम पाण्याची वाटी, ब्रश, रेझर आणि डबी घेऊन अण्णांच्या खोलीत गेले.

"पोरीनं बापाची दाढी केलेली कुठं ऐकलीस का?"

"पोरगी चाकणला कंपनीत जाते, हे तरी कुठं ऐकलं होतं अण्णा? तुम्हीच धाडलंत."

 त्यांनी ब्रश माझ्या हातून घेतला आणि साबणावर टेकवला. हात थरथरत होता, ब्रश आपसूक फिरत होता. "बघ," ते म्हणाले, "मशीन बंद नाही पडलं अजून." दाट, सायीसारखा फेस चढला. मला सवय नव्हती, मी भीत भीत, सावकाश रेझर फिरवत होते. तरी फेस गालांवर वाळला नाही, शेवटपर्यंत मऊ राहिला. गळ्याशी आले तेव्हा अण्णांनी डोळे मिटले, मान वर केली आणि दोन्ही हात गुडघ्यांत घट्ट आवळून धरले.

तोंड पुसून, गालांवरून हात फिरवून ते उठले आणि बाहेर गेले. मी हातात वाटी घेऊन तिथेच उभी राहिले. इतक्या वर्षांनी पुन्हा तीच धास्ती. दाढी झाली, आता अण्णा जाणार. कडीचा आवाज येतो का, मी ऐकत होते.

"भाकरी हाय का गं?" स्वयंपाकघरातून हाक आली.

ते टेबलाशी बसले होते. त्यांनी भाकरी मोडली, चुरा सांडला, तो त्यांनी सांडू दिला. एक तुकडा माझ्या ताटात ठेवला. त्यांच्या बोटांचा वाळा त्याला लागला होता. जुना वास तो नव्हता, आणि पुन्हा कुठे मिळेल असेही नाही. मी तुकडा उचलला, क्षणभर नाकाजवळ धरला, आणि मग खाल्ला.